गाठ कुठली?

(डिलाईल रोड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या रस्त्याला ना. म. जोशींचं नाव लागून कित्येक वर्षं झाली, तरी आपल्या तोंडी अजून डिलाईल रोडच येतं. मीही आज डिलाईल रोडच म्हणणार आहे, कारण मी इथला आहे. इथल्याच बीडीडी चाळीत एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत वाढलो. वडील गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. आणि ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्या गुरुजींच्या वाचनालयात बसून मी अभ्यास केला. त्यांना आपण कुणीच नावाने हाक मारली नाही. ते सगळ्यांचे गुरुजीच होते. दिवसा शाळा, संध्याकाळी वाचनालय, आणि वाचनालयाच्या ओट्यावर रांग लावून बसलेली माणसं. कुणाला गावचं पत्र वाचून हवं असायचं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरून हवा असायचा, कुणाला गिरणीची नोटीस समजावून हवी असायची. आलेला कागद हातात घेतला की गुरुजी आधी विचारायचे, ‘कुठला रे कागद?’ मग चष्मा लावायचे.

हा ‘कुठला’ शब्द आपल्या भागाचा आहे. पाटणचा, चंदगडचा, मालवणचा, संगमेश्वरचा माणूस इथे पहिल्यांदा भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘तुम्ही कुठले?’ उत्तर मिळालं की पुढचं पुष्कळसं आपोआप कळायचं. बोली कळायची, देव कळायचा, कालवणात नारळ पडतो की शेंगदाण्याचं कूट तेही कळायचं. मराठीत ‘कुठला’ या एका शब्दात दोन प्रश्न आहेत. कोणत्या गावचा, आणि नेमका कोणता? मला आज तुमच्या मनात हा एकच शब्द रुजवायचा आहे. कुणी म्हणालं, डोक्यात गाठ निघाली, ट्यूमर निघाला, तर घाबरण्याआधी, रडण्याआधी, गावाला परत जाण्याआधी विचारायचं, कुठला?

का विचारायचं? कारण ट्यूमर हे आजाराचं नाव नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता सूज, फुगवटा. कुणी ‘ताप आलाय’ म्हटलं की आपण लगेच विचारतो, मलेरिया की टायफॉइड? मग मेंदूच्या बाबतीत ‘ट्यूमर’ हा शब्द ऐकून आपण विचारायचं का थांबतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यात काही अशा आहेत की त्या काढल्या की माणूस नातवंडांची लग्नं बघतो. काही अशा आहेत की नुसत्या गोळ्यांनी आक्रसतात. आणि काही अशाही आहेत की आजचं सगळं शास्त्र पणाला लावूनही त्या आटोक्यात येत नाहीत. या सगळ्यांना एकच शब्द लावला, तर जगू शकणारा माणूसही त्या शब्दाने मरतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या शेजारच्या खोलीत एक काकू होत्या. काका विणकाम खात्यात. काकूंच्या हातची भाकरी खाऊन आम्ही चार घरची पोरं मोठी झालो. गिरणी संपाची ती वर्षं. १९८२च्या जानेवारीत संप झाला आणि तो मिटलाच नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यानंतर दोन-तीन वर्षांत काकू बदलल्या. आधी हळदीकुंकवाला जायच्या बंद झाल्या. मग दूध उतू जाताना समोर बसून नुसत्या बघत राहायच्या. वेणी घालायच्या नाहीत. बोलायचं म्हटलं तर एका शब्दात उत्तर. चाळीत कुणी म्हणालं, घरातला पगार गेला म्हणून मनावर घेतलं. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. अंगारे झाले, गंडे झाले. एके दिवशी पहाटे त्यांना फिट आली, तेव्हा कुठे धावपळ झाली, पैसे गोळा झाले आणि स्कॅन काढला गेला. संध्याकाळी काका परत आले. हातात एक्स-रेचा असतो तसा मोठा लिफाफा. दारात टेकले आणि एवढंच म्हणाले, ‘ट्यूमर निघाला.’

चाळ गप्प झाली. आठ दिवसांनी काका काकूंना घेऊन गावी गेले. सहा महिन्यांनी पत्र आलं. मी तेव्हा दहावीला होतो.

तो लिफाफा तूर्त बाजूला ठेवतो. शेवटी त्याच्याकडे परत येईन.

आधी डोक्याची रचना समजून घेऊ. मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. हाताला लागतो खरवसासारखा मऊ. तो कवटीच्या पेटीत ठेवलेला आहे, आणि मोठ्या माणसाची कवटी ताणत नाही, फुगत नाही. आत तीनच गोष्टी: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवती खेळणारं पाणी. हे पाणी कोणत्याही क्षणी असतं सुमारे दीडशे मिलिलिटर, पण दिवसाला तयार होतं जवळजवळ अर्धा लिटर, म्हणजे ते सतत वाहत असतं, शोषलं जात असतं. आता पेटी तेवढीच आणि आत चौथं काहीतरी वाढायला लागलं, तर काय होणार? आपल्याला कल्पना करायची गरज नाही. एकशे साठ चौरस फुटांत गावाहून चार माणसं राहायला आली की काय होतं ते आपण जगलो आहोत. आधी सगळे सरकून जागा करतात. ट्रंक कॉटखाली जाते, एकजण गॅलरीत झोपतो. बरेच दिवस बाहेरच्याला काही कळतही नाही. मग एक दिवस असा येतो की आणखी एक पिशवी ठेवायलाही जागा उरत नाही. हळू वाढणारी गाठ वर्षानुवर्षं गप्प राहते ती अशी, आणि मग थोड्याच दिवसांत सगळं बिघडतं तेही असंच.

दुसरी गोष्ट जागेची. लोअर परळचा आपला पूल २०१८ साली बंद झाला आणि २०२३ मध्ये पूर्ण खुला झाला. मधल्या काळात वाहतूक कुठवर तुंबायची हे तुम्ही भोगलं आहे. मेंदूतल्या पाण्याच्या वाटेवरही असेच अरुंद पूल आहेत. एखादी गाठ सुपारीएवढी असली तरी ती अशा अरुंद जागी बसली की मागे पाणी तुंबतं. मग सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकतं, उलटी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. उलट कपाळामागे लिंबाएवढी गाठ कितीतरी दिवस नुसता स्वभाव बदलत राहते. म्हणून केवढी आहे एवढंच विचारून भागत नाही, कुठे बसली आहे तेही विचारावं लागतं. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांची बोलण्याची केंद्रं मेंदूच्या डाव्या बाजूला असतात. तिथली गाठ काढताना कधी कधी रुग्णाला जागं ठेवतात, त्याच्याशी बोलत, चित्रं दाखवून नावं विचारत ऑपरेशन करतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून हे शक्य होतं. अशी ऑपरेशनं आपल्या परळमध्येही होतात.

आता मूळ प्रश्नाकडे. गाठ कुठली?

पहिला भेद अगदी सोपा. गाठ तिथलीच, की बाहेरून आलेली? मोठ्या माणसांच्या मेंदूत आढळणाऱ्या घातक गाठींत बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा आहे. फुफ्फुसाचा, स्तनाचा, मूत्रपिंडाचा कर्करोग रक्ताबरोबर वर येतो आणि मेंदूत बिऱ्हाड करतो. पण तो राहतो मूळ गावचाच. स्तनाच्या कर्करोगाची पेशी मेंदूत गेली म्हणून मेंदूची पेशी होत नाही. मुंबईत तीस वर्षं काढली तरी माणूस पाटणचा तो पाटणचाच, तसं. म्हणून तिचा उपचार ठरवताना मूळ गाव शोधावं लागतं. डोक्यात गाठ असताना डॉक्टर छातीचा स्कॅन का सांगतात, असं नातेवाईक चिडून विचारतात. त्याचं कारण हे आहे.

दुसरी, तिथेच जन्मलेली. त्यातही मेंदूत एक वस्ती नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येक वस्तीची गाठ वेगळी. मुख्य पाच सांगतो.

पहिली, आवरणाची गाठ, मेनिंजिओमा. मेंदूवर जी आवरणं असतात त्यांच्यापासून ती होते. हे नाव अमेरिकेचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिलं. डोक्यात जन्मणाऱ्या गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये अधिक. बहुतेक वेळा ती साधी असते. मेंदूत शिरत नाही, मेंदूला बाहेरून ढकलते. जागा सोयीची असेल तर पूर्ण काढता येते आणि माणूस बरा होतो. लहान असेल आणि त्रास देत नसेल तर नुसती नजर ठेवूनही चालतं. ही गाठ कापताना सुरीखाली कधी कधी कचकच लागते, कारण तिच्यात चुन्याचे बारीक कण साठलेले असतात, वाळूसारखे. हे वाळूचे कण लक्षात ठेवा.

दुसरी, पिट्युटरीची गाठ. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी मटारच्या दाण्याएवढी ग्रंथी असते. सगळ्या शरीराच्या संप्रेरकांची मुकादम. तिच्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात, पण त्या दोन तऱ्हांनी त्रास देतात. वरच डोळ्यांच्या नसांची फुली आहे, तिच्यावर दाब आला की दोन्ही बाजूंचं कडेचं दिसेनासं होतं. माणूस दाराच्या चौकटीला धडकायला लागतो आणि घरचे म्हणतात, लक्ष कुठे असतं? दुसरी तऱ्हा संप्रेरकांची. अंगठी बोटात जाईनाशी होते, चपलेचा नंबर वाढतो, जबडा रुंद होतो. किंवा बाळंतपण नसताना बाईला दूध येतं, पाळी थांबते. या शेवटच्या प्रकारात बहुतेकदा ऑपरेशनही लागत नाही, गोळ्यांनी गाठ लहान होते. आणि लागलं तरी पुष्कळदा ते नाकातून होतं, कवटी उघडावी लागत नाही. सांगा, हिला आणि पुढच्या गाठींना एकच शब्द लावायचा का?

तिसरी, कानाच्या नसेची गाठ. एका कानाने फोन ऐकू येईनासा होतो, माणूस नकळत फोन दुसऱ्या कानाला लावायला लागतो. कानात सतत आवाज, चालताना थोडा तोल जाणं. वय झालं म्हणून सोडून देतात. ही गाठही साधी, हळू वाढणारी. एकाच कानाचं ऐकणं कमी झालं असेल तर तपासून घ्या, एवढंच तिचं सांगणं.

चौथी, लहान मुलांची. मेड्युलोब्लास्टोमा. ही लहान मेंदूत होते, डोक्याच्या मागच्या भागात, अगदी त्या अरुंद पुलाशी. मूल सकाळी उठून उलटी करतं, नंतर बरं वाटतं, शाळेत जातं. आई म्हणते, पित्त झालं. जंताचं औषध होतं. मग पोर चालताना भेलकांडायला लागतं. आयांनो, ही गाठ घातक आहे, कर्करोगच आहे. पण घातक म्हणजे असाध्य असं समजू नका. गाठ पसरलेली नसेल आणि ऑपरेशन, किरणोपचार, औषधं हे सगळं पूर्ण झालं, तर चांगल्या केंद्रांत दहातली सात-आठ मुलं पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. पुढे शाळेत त्यांना जास्त वेळ लागेल, उंची थोडी कमी राहील, पण ती शाळेत असतील.

आणि पाचवी वस्ती, ग्लायोमा. मेंदूत नुसत्या विचार करणाऱ्या पेशी नसतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या, पोसणाऱ्या आधारपेशी असतात, त्यांच्यापासून ही गाठ होते. हिचा स्वभाव आवरणाच्या गाठीच्या उलट. ही मेंदूला ढकलत नाही, मेंदूत मुरते. कापडावर शाईचा डाग पडावा तशी. डाग मधे गडद दिसतो, पण कडेला धाग्याधाग्यातून कुठवर गेला ते सांगता येत नाही. म्हणून सर्जनने दिसेल तेवढं काढलं तरी काही मागे उरतंच.

ग्लायोमाही एक नाही. मुलांत होणारी एक जात पहिल्या दर्जाची, पूर्ण काढली की बहुधा कायमची जाते. आणि दुसऱ्या टोकाला ग्लायोब्लास्टोमा, चौथ्या दर्जाची. इथे मला खरं बोललं पाहिजे. २००५ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. किरणोपचाराबरोबर टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्या दिल्या, तर रुग्णांचं मध्यम आयुष्य बारा महिन्यांवरून साडेचौदा महिन्यांवर गेलं. तुम्ही म्हणाल, अडीच महिनेच? पण त्याच चाचणीत दोन वर्षांनंतर जिवंत असलेले शंभरातले दहा होते, ते सव्वीस झाले. ज्या घरात तो सव्वीसातला एक आहे, त्या घराला विचारा या आकड्याची किंमत. ही गाठ अजून आपल्यावर मात करते. मी ते लपवणार नाही. पण ज्याला ही गाठ आहे त्यालाही नाव कळण्याचा हक्क आहे. उरलेल्या दिवसांत काय करायचं हे त्याला स्वतः ठरवता यावं.

मी मघापासून दर्जा म्हणतोय. पहिला ते चौथा. हा दर्जा ठरवतो कोण? नाव देतो कोण? इथे माझ्या कामाविषयी सांगतो. मी ऑपरेशन करणारा डॉक्टर नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रुग्णाला कधी न दिसणारा. ऑपरेशन चालू असतं, कवटी उघडी असते, आणि एका बाटलीतून गाठीचा दाण्याएवढा तुकडा माझ्याकडे येतो. त्यातला कण घेऊन दोन काचांमध्ये हलकेच चिरडायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. वीस-पंचवीस मिनिटांत सर्जनला कळवायचं की हे काय वाटतंय. पुढे काढायचं की थांबायचं, हे त्याला ठरवायचं असतं. उरलेला तुकडा मेणात बसवून मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजाव्या लागणाऱ्या पातळ चकत्या काढतात, जांभळा आणि गुलाबी रंग देतात. मग आम्ही वाचतो.

वाचतो म्हणजे काय? माझे वडील फोल्डिंग खात्यात कापड तपासायचे. ठाण उलगडत जायचं आणि त्यांची नजर त्यावरून फिरायची. कुठे ताणा तुटला, कुठे बाणा सैल गेला, कुठे गाठ राहिली. ते म्हणायचे, ‘कापडाकडे बघायचं नाही, विणीकडे बघायचं.’ मी वैद्यकीय कॉलेजला गेलो तेव्हा पहिल्या वर्षी शब्द आला ‘ऊती’. शरीरातल्या पेशींचं वस्त्र. हा शब्द विणणं या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला आहे. ओतप्रोत म्हणतो ना आपण? त्यातलं ओत आणि प्रोत म्हणजे उभे-आडवे विणलेले धागे. आणि ऊतींच्या शास्त्राचं ग्रीक नाव ज्या शब्दावरून आलं, त्याचाही अर्थ माग, विणलेलं जाळं असाच. बाप गिरणीत विणीतला दोष शोधत होता, मुलगा ऊतीतला दोष शोधतो. आमच्या घरात धंदा बदललाच नाही, असं मला वाटतं.

या वाचण्याचंही शंभर वर्षांत रूप पालटलं. १९२६ साली, म्हणजे ज्या वर्षी आपलं केईएम रुग्णालय सुरू झालं त्याच वर्षी, अमेरिकेत बेली आणि कुशिंग यांनी ग्लायोमांचं पहिलं मोठं वर्गीकरण छापलं. पेशी कशा दिसतात त्यावरून नाव. पुढे ८०-९० वर्षं असंच चाललं. मग कळलं की सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींचा स्वभाव वेगळा असू शकतो, कारण त्यांच्या गुणसूत्रांतला बिघाड वेगळा. एका जातीत पेशी तळलेल्या अंड्यासारख्या दिसतात, मधे गोल केंद्र आणि भोवती पांढरं. तिच्यात गुणसूत्रांचे दोन ठराविक तुकडे गळालेले सापडले. ही जात औषधांना आणि किरणांना चांगली दाद देते, रुग्ण दहा वर्षांहूनही पुढे जातात. म्हणून २०१६ पासून आणि मग २०२१च्या वर्गीकरणात नाव देताना दिसण्याबरोबर जनुकांची परीक्षाही धरली जाऊ लागली. आयडीएच नावाच्या जनुकात बदल असेल, तर चौथ्या दर्जाच्या गाठीलाही आता ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत, कारण ती तुलनेने सौम्य वागते. तुमच्या कागदावर ही अक्षरं दिसली तर घाबरू नका. गाठ कुठली, याचंच ते बारकाईने दिलेलं उत्तर आहे.

आता एक गोष्ट अशी, जी पाश्चात्त्य पुस्तकांत तळटीप असते आणि आपल्याकडे ठळक अक्षरांत लिहावी लागते. डोक्यातली प्रत्येक गाठ ट्यूमर असतेच असं नाही. या गिरणगावाला क्षयरोग नवा नाही. कोंदट खोल्या, कापसाची धूळ, दोन पाळ्यांचं जागरण, अर्धपोटी माणसं. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाचा रस्ता किती घरांनी तुडवला आहे! तोच क्षय मेंदूत गाठ करतो. फिट येते, डोकं दुखतं, स्कॅनवर गोळा दिसतो, सगळं ट्यूमरसारखं. आणि उपचार? महिनोन् महिने नियमाने घेतलेल्या क्षयाच्या गोळ्या.

हे कुणी शिकवलं? आपल्याच शेजाऱ्यांनी. केईएममध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे डॉ. होमी दस्तूर आणि त्यांचे सहकारी डॉ. ए. डी. देसाई यांनी १९६५ साली ‘ब्रेन’ या जगन्मान्य इंग्लिश नियतकालिकात एक अभ्यास छापला. एका बाजूला मेंदूतल्या क्षयाच्या गाठीचे १०७ रुग्ण, दुसऱ्या बाजूला ग्लायोमाचे १०७. शेजारी शेजारी ठेवून तुलना. लक्षात घ्या, तेव्हा स्कॅन नव्हता. लंडनमध्ये सीटी स्कॅनवर पहिल्या रुग्णाचा मेंदू दिसला तो १९७१च्या ऑक्टोबरात. त्याआधी ही माणसं रुग्णाच्या उशाशी बसून, डोळ्यांत बघून, हातापायांची ताकद जोखून ओळखत होती की ही गाठ कुठली. तो प्रश्न इथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, आपल्या भागातल्या गरिबांच्या खाटांशी, इतक्या चिकाटीने विचारला गेला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. क्षयासारखीच दुसरी गाठ पट्टकृमीच्या अंड्यांची. नीट न धुतलेल्या भाजीतून, हातांतून ती पोटात जातात. मांस न खाणाऱ्यालाही ती होते. तिलाही औषध आहे.

मला ठाऊक आहे, आता प्रश्न येणार. मोबाईलने ट्यूमर होतो का? आजवरच्या मोठ्या अभ्यासांतून मोबाईलने मेंदूत गाठ होते असं सिद्ध झालेलं नाही. निश्चित माहीत असलेली कारणं थोडी आहेत: डोक्यावर पूर्वी घेतलेले जास्त मात्रेचे किरण, आणि काही आनुवंशिक आजार. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. पण काय नाही ते निश्चित सांगता येतं. ट्यूमरची गाठ संसर्गाने एकाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाचं ताट-पेला वेगळं करू नका. ही कुणाच्या करणीने होत नाही. ही रुग्णाच्या स्वभावाने होत नाही.

आणि प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे. बहुतेक डोकेदुखी साधी असते. मग केव्हा थांबायचं नाही? चार-सहा आठवड्यांत वाढत गेलेली नवी डोकेदुखी, विशेषतः सकाळची, उलटीबरोबरची. मोठेपणी आयुष्यात पहिल्यांदाच आलेली फिट. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या. एका बाजूचा हात-पाय कमजोर पडणं, शब्द न सापडणं, नजर आकुंचणं, एकच कान बंद होणं. आणि जे सगळ्यात उशिरा लक्षात येतं ते, माणसाचा स्वभाव बदलणं.

जायचं कुठे, हे डिलाईल रोडला सांगायची वेळ यावी? १९२६चं केईएम, १९२९चं मुलांचं वाडिया, १९४१चं टाटा, सगळी आपल्या अंगणात. खारघरला टाटाच्याच केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरणांचे उपचार सुरू झाले, मुलांच्या गाठींत आजूबाजूचा मेंदू वाचवायला ते उपयोगी पडतात. अख्ख्या देशातून लोक इथे येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीत महिनोन् महिने राहतात. बिहारचा माणूस दोन रात्री रेल्वेत काढून जिथे येतो, तिथून आपण काकूंना घेऊन गावी गेलो.

आता तो लिफाफा.

मी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पॅथॉलॉजीचा तास. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा मेनिंजिओमा पाहिला. पेशींचे भोवरे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक, आणि मधे जांभळे गोल कण, ते वाळूचे. फार सुंदर दिसतं ते, खरं सांगतो. त्याच दिवाळीत काका गावाहून आले होते. ट्रंकेतून त्यांनी तो लिफाफा काढला. रेशनकार्ड आणि गिरणीच्या पासाबरोबर जपून ठेवलेला. म्हणाले, ‘बाळ, आता तुला इंग्रजी वाचता येतं. बघ, काय लिहिलंय?’

मी कागद काढला. टाइप केलेल्या आठ-दहा ओळी. कपाळामागे, मेंदूच्या बाहेरून दाब देणारी गाठ. आत चुन्याचे कण. आणि शेवटी एक ओळ, बहुधा मेनिंजिओमा.

नाव लिहिलेलं होतं. स्कॅन निघाला त्याच संध्याकाळी ते नाव आमच्या चाळीत आलं होतं, दारात टेकलेल्या माणसाच्या हातात होतं. काकांना ज्याने कागद दिला त्याने एकच शब्द सांगितला. काकांनी एकच शब्द ऐकला. आम्हीही एकच ऐकला. तो कागद गुरुजींच्या ओट्यावर गेला असता तर त्यांनाही त्यातलं वैद्यक कळलं नसतं. पण त्यांनी चष्मा लावून विचारलं असतं, ‘कुठला रे?’ आणि ज्याला कळतं त्याच्याकडे काकांना पाठवलं असतं.

काका माझ्याकडे बघत होते. मी कागद घडी करून लिफाफ्यात ठेवला आणि म्हणालो, ‘गाठ लिहिलीय, काका.’ त्यांनी मान हलवली. लिफाफा परत ट्रंकेत गेला.

मी त्या दिवशी खोटं बोललो नाही, पण पुरतं खरंही बोललो नाही. ते बरोबर होतं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. आता काकाही नाहीत. तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक काचेचं नाव मी पूर्ण लिहितो, आणि नातेवाईक दाराशी आला तर त्याला बसवून ते नाव त्याच्या भाषेत सांगतो.

म्हणून मंडळी, मनाशी खूणगाठ बांधा. उद्या तुमच्या मजल्यावर कुणाच्या हातात असा लिफाफा आला, तर त्याला एकटं बसू देऊ नका. त्याच्याबरोबर जा. डॉक्टरांसमोर कागद उघडा आणि विचारा. ही मेंदूतलीच की बाहेरून आलेली? कुठे बसली आहे? कोणत्या दर्जाची? तुकडा तपासला का, नाव काय आलं? क्षयाची नाही ना? पहिल्यांदा उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा. हे विचारणं उद्धटपणा नाही. परक्या शहरात उतरलेल्या माणसाला डिलाईल रोडने नेहमीच प्रेमाने विचारलं आहे, कुठला रे तू?

तेवढंच या गाठीलाही विचारा.